थंडावा वाहून नेणारा द्रव

भोपाळच्या साकेत नगरात वैशाख सरता सरता पारा ४० अंशांच्या वर चढतो. अशा हवेत बिअरचे पिंप सांभाळणे सोपे नव्हे. मोड आणलेल्या जवाच्या रसातील साखर खाताना यीस्टचे सूक्ष्म जीव स्वतःच उष्णता निर्माण करतात. त्यांच्या एका जातीला १८ ते २० अंश मानवतात, दुसरीला ८ ते १२. उष्णता याहून फार वाढली, की चवीत उग्र दर्प उतरतो. (ज्यांना हा उद्योग घरी करण्याची हौस असेल, त्यांनी आधी अबकारी कायदा वाचावा. मध्य प्रदेशात सर्वसामान्य नागरिकाने परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे.)

मग पिंप थंड ठेवायचे कसे? त्याच्या दुहेरी भिंतीतून गार पाणी खेळवावे, तर शून्याजवळ ते नळीतच गोठते. यावरचा उपाय आपण आइस्क्रीमच्या लाकडी पॉटमध्ये लहानपणीच पाहिलेला असतो. बर्फात खडे मीठ घातले, की त्याचे पाणी शून्याखालीही द्रवच राहते. बर्फाचे कारखानेही अशा खाऱ्या पाण्यावर चालत आले आहेत. परंतु मीठ धातूला खाते, म्हणून येथे पाण्यात ग्लायकॉल मिसळतात. सुमारे ३० टक्के मिसळले, तर मिश्रण उणे १० अंशांनाही वाहते. यंत्र हे मिश्रण एका टाकीत गार करते आणि पंप ते पिंपांभोवती फिरवितो. प्रत्येक पिंपाला स्वतंत्र झडप असल्याने एकाच टाकीवर निरनिराळी तापमाने राखता येतात. तोटीपर्यंतची नळीही याच द्रवाने गार ठेवतात, नाहीतर पेल्यात फेसच फार येतो. म्युनिकच्या मद्यशाळांसाठी कार्ल फोन लिंडे यांनी १८७० च्या दशकात शीतयंत्र सिद्ध केले, त्याच कुळातले हे यंत्र.

खरी मेख आहे ती ग्लायकॉलच्या जातीत. प्रॉपिलीन ग्लायकॉल खाद्योपयोगी प्रतीचे मिळते. मोटारीच्या रेडिएटरमधले एथिलीन ग्लायकॉल आणि त्याचे भावंड डायएथिलीन ग्लायकॉल मात्र मूत्रपिंडे निकामी करतात. दिसायला तिन्ही रंगहीन, चवीला गोडसर! जानेवारी २०२० मध्ये ब्राझीलमधील एका मद्यशाळेच्या बिअरमध्ये हे विषारी ग्लायकॉल आढळले. शीतकरणासाठी वापरलेला द्रवच पेयात उतरला होता आणि त्यात अनेकांचे प्राण गेले.

मराठी माणसाला हे विष अपरिचित नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनने चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ मध्ये आमच्याच राज्यातील छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून याच द्रव्याने अनेक बालकांचा बळी घेतला.

तेव्हा स्वस्त मिळतो म्हणून गॅरेजमधला कूलंट या यंत्रात कधीही ओतू नये. डब्यावर ‘प्रॉपिलीन’ हे नाव आणि खाद्योपयोगी प्रत, दोन्ही वाचून घ्यावीत. टाकीवर पातळीची खूण करावी व ती रोज पाहावी. बाहेर थेंबही सांडलेला नसताना पातळी उतरली, तर द्रव कोठे गेला याचा शोध लागेपर्यंत एकाही पिंपाची तोटी उघडू नये.