गावठाणातल्या घराची किंमत

ग्रामपंचायतीच्या हद्दीतील घराला घरपट्टी बसते ती महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ खाली. या कलमाने पंचायतीला सगळ्या इमारतींवर आणि शेतसारा नसलेल्या जमिनींवर कर बसवण्याचा अधिकार दिला आहे. किती बसवायचा, कशावर आणि कसा मोजायचा, हे १९६० च्या कर व फी नियमांत येते. पिकाखालच्या शेताचा सारा महसूल खात्याकडे जातो आणि त्याच शेतात बांधलेल्या पक्क्या घराची पट्टी पंचायतीकडे. त्यामुळे एकाच गट नंबरात दोन वेगळ्या दप्तरांची माणसे मोजणीला आलेली दिसू शकतात.

सोनगीरसारख्या गावात ही आकारणी समजून घेणे सोयीचे आहे, कारण तिच्यात जितके प्रकार पडतात तितके सगळे येथे एका हद्दीत सापडतात. धुळे तालुक्यातले हे मोठे गाव मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्याच्या उत्तरेला, किल्ल्याच्या टेकडीखाली वसले आहे. जुन्या गावठाणात धाब्याची घरे आणि लाकडी खणांची जुनी बांधणी, तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी खानदेशभर नाव असलेल्या तांबटांची घरे, त्यांच्या भोवती स्लॅबची नवी वस्ती, आणि फाट्यावर दोंडाईचा-शहाद्याकडे वळणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी दुकाने, हॉटेले, गॅरेज. या सगळ्यांची किंमत एकाच सूत्राने काढायची असते.

घरावर आणि धंद्यावर पट्टी ही इंग्रजांची देणगी नव्हे. मराठेशाहीत शेतसाऱ्याखेरीज मोहतर्फा नावाची पट्टी होती. ती दुकानदार, कारागीर, तेली, साळी, तांबट अशा पेशेवाल्यांवर आणि काही ठिकाणी घरांवर बसे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर त्यांचे लक्ष जमाबंदीकडे, म्हणजे शेतजमिनीच्या मोजणीकडे आणि प्रतीकडे गेले. शेताची जमीन हात हात मोजली गेली, तिची प्रतवारी ठरली, नकाशे झाले. गावठाण मात्र बहुतेक ठिकाणी नकाशावर एकसंध राहिले, आत कोणाचे घर किती हे कोठेच लिहिले गेले नाही. आजच्या घरपट्टीची निम्मी दुखणी त्या कोऱ्या जागेतून आलेली आहेत.

आकारणीची पहिली पायरी म्हणजे मालमत्तांची यादी. पंचायतीचे कर्मचारी, ग्रामपंचायत अधिकारी (२०२४ पर्यंतचा ग्रामसेवक) आणि गरजेप्रमाणे पंचायत समितीचा अभियंता घरोघर जाऊन लांबी-रुंदी घेतात, बांधकाम कशाचे, मजले किती, साधारण कोणत्या साली बांधले, वापर कसला, ही माहिती लिहून घेतात. टेप भिंतीला लावताना प्रश्न निघतात ते नियमांच्या पुस्तकात नसतात. ओटा धरायचा का? पत्र्याची पडवी घरात की बाहेर? गोठ्यात बैल आहेत तोवर गोठा, पण त्यात मोटारसायकल दुरुस्तीचा धंदा सुरू झाला की काय? तांबटाच्या घरात पुढच्या खोलीत भट्टी आणि ठोकायची निहाई, मागे चूल. पुढचा भाग व्यवसायाचा धरला तर कर वाढतो, सगळेच राहते घर धरले तर शेजारचा दुकानदार हरकत घेतो. नियमांप्रमाणे मिश्र वापराच्या इमारतीचा ज्या भागात जो वापर आहे तो त्या भागाला लावायचा असतो, पण दोहोंमधली रेष कोठे ओढायची हे अखेर टेप धरणाऱ्याच्या हातात राहते.

हे मोजमाप ज्यात उतरते ती कर आकारणी नोंदवही, म्हणजे नमुना ८. तिच्यात मालकाचे नाव आणि भोगवटादाराचे नाव असे दोन रकाने असतात आणि गावातल्या वाटण्यांचे, भाडेकऱ्यांचे, परागंदा भावांचे बरेचसे राजकारण त्या दोन रकान्यांत मुक्कामाला असते. बँकेच्या कर्जासाठी, वीजजोडणीसाठी, घरकुलासाठी आठचा उतारा मागतात म्हणून लोक तो मालकीचा कागद समजतात. तो तसा नाही. कर कोणाकडून घ्यायचा याची ती नोंद आहे. न्यायालयांनीही कराच्या नोंदीला मालकीचा पुरावा मानलेले नाही. महसूल खात्याचा ८-अ हा निराळाच कागद आहे, त्यात शेतजमिनीचे खाते असते. कराची नोंद म्हणजे मालकी नव्हे, याच तर्काने विनापरवाना किंवा अतिक्रमण करून बांधलेल्या घरालाही घरपट्टी लागू शकते, पण पट्टी भरली म्हणून ते बांधकाम नियमित होत नाही.

गावठाणाच्या कोऱ्या नकाशावर उपाय म्हणून ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग महाराष्ट्रात पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात सोनोरी येथे झाला. २४ एप्रिल २०२० रोजी केंद्राने स्वामित्व योजना जाहीर केली तेव्हा देशाने याच प्रकारचा मार्ग धरला. भारतीय सर्वेक्षण विभाग वरून छायाचित्रे घेतो, भूमि अभिलेख खाते हद्दी ठरवते आणि घरमालकाला सनद व मिळकत पत्रिका मिळते. घरपट्टीच्या दृष्टीने याचा उपयोग साधा आहे. ड्रोनच्या नकाशात घराची बाह्यरेषा दिसते, ती नमुना ८ मधल्या क्षेत्रफळाशी ताडून पाहता येते. मात्र पत्र्याखाली काय चालते आणि भिंत विटांची की मातीची, हे आकाशातून कळत नाही. त्यासाठी माणूस पाठवावाच लागतो.

किंमत काढायची पद्धत गेल्या काही दशकांत दोनदा बदलली. पूर्वी घराचे वार्षिक भाडे किंवा भांडवली किंमत अंदाजाने धरत. खेड्यात भाड्याने घर देण्याचा प्रकारच कमी, त्यामुळे भाड्याचा अंदाज म्हणजे बहुधा आधीच्या वर्षीच्या आकड्यावर थोडी भर. १९९९ साली सरकारने क्षेत्रफळावर आधारित पद्धत आणली. बांधकामाच्या प्रकाराप्रमाणे चौरस फुटाला ठरीव दर आणि तेवढ्यावर गुणाकार. कारकुनाला सोपी, पण महामार्गावरचा फूट आणि गल्लीच्या टोकाचा फूट एकाच भावाने मोजणारी. ही पद्धत उच्च न्यायालयात टिकली नाही. काही काळ पंचायतींची वसुलीच अडकली, आणि ३१ डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने नियम सुधारून भांडवली मूल्याची पद्धत लागू झाली.

नव्या सूत्रात चार गोष्टी आहेत. इमारतीचे क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा वार्षिक मूल्यदर, हा पहिला भाग. क्षेत्रफळ गुणिले बांधकामाचा दर गुणिले वयानुसार घसारा, हा दुसरा. दोहोंची बेरीज करून तिला वापराचा भारांक लावायचा, राहत्या घराला १ आणि दुकानाला, कारखान्याला त्याहून अधिक. आलेल्या भांडवली मूल्याच्या दर हजार रुपयांमागे पंचायतीने ठरवलेल्या दराने कर. दराची किमान आणि कमाल मर्यादा सरकारने बांधकामाच्या प्रकारानुसार घालून दिलेली आहे. त्या पट्ट्यात कोठे थांबायचे ते पंचायतीचा ठराव ठरवतो.

जमिनीचा दर पंचायत ठरवत नाही. तो नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातून येतो, ज्याला सगळे रेडी रेकनर म्हणतात. हा तक्ता मुळात खरेदीखतावरच्या मुद्रांक शुल्कासाठी तयार झाला, २०१६ पासून तो १ एप्रिलला लागू होतो, आणि काही वर्षे तो न बदलताही पुढे चालू ठेवला गेला आहे. म्हणजे सोनगीरच्या घराची किंमत ठरवणारा पहिला आकडा पुण्याच्या कार्यालयातून येतो, आणि तो आकडा घरपट्टीसाठी म्हणून कधी बनलाच नव्हता.

सूत्र प्रत्यक्षात काय करते हे कल्पित आकड्यांनी पाहावे. समजा जमिनीचा दर चौरस मीटरला १,००० रुपये आहे. गावाबाहेरच्या प्लॉटवर ५० चौरस मीटरचे स्लॅबचे घर, बांधकामाचा दर १५,००० रुपये, घसारा वजा जाता ८० टक्के मूल्य शिल्लक. जमीन ५०,००० रुपये, बांधकाम ६,००,००० रुपये, एकूण ६,५०,००० रुपये. हजारी १ रुपया २० पैसे धरले तर वर्षाचा कर ७८० रुपये. त्याच घरात किराणा दुकान आहे आणि भारांक १.२५ धरला तर ९७५ रुपये. आता गावठाणाच्या मध्यावरचे १५० चौरस मीटरचे जुने धाब्याचे घर घ्यावे. बांधकामाचा दर ६,००० रुपये, वय इतके की १५ टक्केच मूल्य उरले. जमीन १,५०,००० रुपये, बांधकाम १,३५,००० रुपये, एकूण २,८५,००० रुपये. मातीच्या घराचा दर हजारी ५० पैसे धरला तर कर १४२ रुपये ५० पैसे. तिपटीने मोठे घर, मोक्याची जागा, आणि कर पाचव्या हिश्शाहूनही कमी. गावात जमिनीचा दर लहान आणि बांधकामाचा मोठा असल्याने भांडवली मूल्याची पद्धत नावाला जागेची किंमत मोजते, प्रत्यक्षात सिमेंट मोजते. मुंबईत हेच सूत्र उलटे वागते, कारण तेथे जमिनीचा भाव बांधकामाला गिळून टाकतो.

यातून दोन निष्कर्ष निघतात. जुने घर पाडून स्लॅब टाकणाऱ्याचा कर एकदम उडी मारतो, म्हणून नवे बांधकाम नमुना ८ मध्ये उशिरा नोंदवले जाते आणि वयाच्या रकान्यात घर प्रत्यक्षाहून म्हातारे असते. दुसरे, सूत्र कितीही काटेकोर असले तरी त्यात घालायचे क्षेत्रफळ, वय आणि वापर हे तिन्ही आकडे गावातच ठरतात, आणि ते ठरवणारी पंचायत त्याच घरमालकांच्या मतांवर निवडून आलेली असते. दर किमान मर्यादेला चिकटून राहतात याचे कारण अन्यत्र शोधावे लागत नाही. पंचायतीने फारच कमी कर लावला तर तो वाढवायला सांगण्याचा अधिकार कायद्याने जिल्हा परिषदेला दिला आहे, पण तो उपसण्याची हौस कोणाला असते?

शेजारची शहरे वेगळ्या कायद्याखाली येतात. शिरपूर-वरवाडे आणि दोंडाईचा-वरवाडे या नगरपरिषदांना १९६५ चा अधिनियम लागू आहे. तेथे पारंपरिक आधार वार्षिक भाडेमूल्य, त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करून करपात्र मूल्य, आणि आकारणी तपासायला नगररचना व मूल्यनिर्धारण विभागाचा अधिकारी. २००३ साली झालेली धुळे महापालिका १९४९ च्या अधिनियमाखाली चालते. मुंबईने २०१० पासून भांडवली मूल्य धरले आणि त्यातल्या काही नियमांवरचा वाद २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. इंग्लंडमध्ये तर घरांवरचा कौन्सिल टॅक्स आजही १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर बसवलेल्या गटांनुसार आकारला जातो, कारण फेरमूल्यांकन केले की कोणाचा तरी कर वाढणार आणि तो मतदार असणार. सोनगीर आणि लंडन यांत या एका बाबतीत अंतर फार नाही.

सगळ्याच मालमत्तांना कर लागत नाही. पूजास्थाने, पंचायतीच्या स्वतःच्या इमारती यांना नियमांत सूट आहे. माजी सैनिक व सैनिकांच्या विधवांना २०२० च्या शासन निर्णयाने घरपट्टीत माफी मिळाली. उलट बाजूने, मोबाइलचा मनोरा इमारत आहे का हा प्रश्न बराच काळ लोंबकळत होता. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनोऱ्यावर स्थानिक संस्थेला इमारतीसारखा कर लावता येतो असे ठरवले. महामार्गालगतच्या पंचायतींना हा निकाल उपयोगी पडतो, कारण मनोऱ्याची कंपनी बिल भरू शकते आणि गावात मतदान करत नाही.

आकारणीची यादी तयार झाली की ती पंचायतीत लावायची, दवंडी द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत हरकती घ्यायच्या. हरकतींची सुनावणी होऊन यादी कायम होते आणि साधारण चार वर्षांनी फेरआकारणी होते. निर्णय पटला नाही तर पंचायत समितीकडे अपील, तिच्या निर्णयावर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे, आणि तेथला निर्णय अंतिम. हरकत घेणारे बहुतेक जण मूल्याबद्दल बोलत नाहीत. शेजाऱ्याचे घर इतके कमी का, हा त्यांचा मुद्दा असतो, आणि अनेकदा तो बरोबरही असतो.

कायम झालेल्या यादीवरून कर मागणी नोंदवही, नमुना ९, भरली जाते आणि घरोघर बिल जाते. बिलावर घरपट्टी ही एकच ओळ नसते. दिवाबत्ती कर, आरोग्य कर, सामान्य पाणीपट्टी, नळ असेल तर विशेष पाणीपट्टी, असे सगळे एकाखाली एक येतात, आणि भरणारा त्या बेरजेलाच घरपट्टी म्हणतो. भरणा झाला की नमुना १० ची पावती. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत भरणाऱ्याला ५ टक्के सूट मिळते, मागे राहणाऱ्याला दंड. तरी खरी वसुली मार्चमध्येच होते, कारण लोकांच्या हातात पैसा कापूस आणि रब्बी विकल्यावर येतो, आणि पंचायतीला ३१ मार्चची टक्केवारी वर कळवायची असते. कर्मचाऱ्यांच्या वेतनातला सरकारी वाटाही वसुलीच्या टक्केवारीशी जोडला गेल्याने पंचायतीचा शिपाई स्वतःच्या पगारासाठी दारोदार फिरतो.

थकबाकीदाराला कलम १२९ खाली आधी बिल, मग मागणीचा लेख आणि शेवटी जंगम मालाची जप्ती अशी पायऱ्यांची तरतूद आहे. गावात जप्तीपर्यंत प्रकरण क्वचितच जाते, थकबाकी लोकअदालतीत तडजोडीने मिटते किंवा दाखल्याच्या खिडकीवर अडते. ज्याला पंचायतीचा कोणताही दाखला हवा त्याला आधी बाकी भरायला सांगितले जाते. पंचायत सदस्यांसाठी मात्र कायदा कडक आहे. कलम १४ प्रमाणे बिल रीतसर मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो आणि त्याचा निर्णय जिल्हाधिकारी देतात. म्हणून निवडणुकीचा अर्ज भरण्याच्या आठवड्यात पंचायतीच्या खिडकीवर जी गर्दी होते, तिच्यात इच्छुक उमेदवार पुढे असतात, आणि निकालानंतर हरलेला पक्ष जिंकलेल्यांच्या नमुना ९ मधल्या तारखा माहितीच्या अधिकारात मागवून घेतो.