समुद्राचे पाणी कुठे वाहते?

मागे पौष महिन्यात मी मुला-सुनेबरोबर कोकणात जाऊन आलो. चार दिवस समुद्राकाठी राहिलो. बोरीला परत आलो तेव्हा शेजारच्या आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, समुद्राचं पानी वाह्यत जाते तरी कुठं?"

अंगणातली पोरे हसली. पण मंडळी, प्रश्न हसण्यासारखा नाही. आपल्याकडे पाणी म्हणजे अडाण नदी. ती एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने जाते. समुद्राचे तसे नाही. तो पुढे येतो आणि मागे जातो. पुढे आला की भरती, मागे गेला की ओहोटी. दिवस-रात्र मिळून दोन वेळा भरती आणि दोन वेळा ओहोटी. हे मी शाळेत तीस वर्षे शिकवले होते. तरी प्रत्यक्ष किनाऱ्यावर फसलो. ते कसे, ते सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळ मुरुड नावाचे गाव आहे. तिथे आम्ही सकाळी सात वाजता वाळूवर गेलो. पाणी खूप दूर होते. वाळू ओली, घट्ट, चालायला सडकेसारखी. मी चपला आणि पिशवी एका जागी ठेवली. नातू पुढे जाऊन वाळूच्या एका उंचवट्यावर किल्ला करत बसला. पाणी त्याच्यापुढे होते, म्हणून मी पुढेच पाहत होतो.

तेवढ्यात एक कोळी दादा ओरडला, "अवो, पोराला उचला आधी! मागं बघा!"

मागे पाहतो तर काय! उंचवटा आणि आम्ही यांच्यामध्ये वाळूत जरा खोलगट भाग होता. त्यात बाजूने पाणी शिरले होते. नातवाच्या चारी बाजूंना पाणी. मुलगा धावला. मांडीपर्यंत पाण्यातून त्याने पोराला खांद्यावर आणले. अर्ध्या तासाने तो उंचवटा दिसेनासा झाला. माझी एक चप्पल गेली ती गेलीच.

कोळी दादाने मला विचारले, "गुरुजी, आज तिथी कंची?" मला सांगता येईना. कॅलेंडर घरी भिंतीवर! तो म्हणाला, "आज पुनव. सव्वाअकराला पाणी पुरं भरणार."

घड्याळ न पाहता त्याने हे कसे सांगितले? त्याचा हिशेब सोपा आहे. तुम्हीही करू शकाल. तिथीचा आकडा घ्या. त्याला ३ ने गुणा आणि ४ ने भागा. जे उत्तर येईल, त्या सुमारास भरती पूर्ण होते. पंचमी असेल तर ५ गुणिले ३ म्हणजे १५. १५ भागिले ४ म्हणजे पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, आणि पहाटेही त्याच सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. पौर्णिमा आणि अमावास्या, दोन्हींचा आकडा १५ धरायचा. थोडे पुढेमागे होते, पण कामापुरते बरोबर येते.

यात तिथी कुठून आली? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. भरतीही रोज तेवढीच उशिरा येते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्याची ओढही चंद्राच्या ओढीत मिळते. मग पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास चढ-उतार कमी असतो. त्याला भांग म्हणतात. मुंबईला मोठ्या उधाणाला पाणी साडेचार मीटरच्याही वर जाते. म्हणजे एकावर एक तीन माणसे उभी करावी, जवळजवळ तेवढे.

आपल्याकडची पोरे आता सहलीला कोकणात जातात. त्यांना विहिरीत, नदीत पोहता येते, म्हणून भीती वाटत नाही. पण तिथे पायाखालची वाळू सरकते आणि परत जाणारे पाणी माणसाला आत ओढते. रायगड जिल्ह्यात जंजिरा किल्ल्याजवळ दुसरे मुरुड आहे. तिथे १ फेब्रुवारी २०१६ या दिवशी पुण्याहून सहलीला आलेले बारापेक्षा जास्त विद्यार्थी बुडाले. शिकलेली, तरणीताठी मुले होती. गावचा माणूस "जाऊ नका" म्हणाला, तर तिथे आपली हुशारी चालवू नये.

आता वर्तमानपत्रातली एक गंमत. १८ ऑगस्ट २००६ च्या संध्याकाळी मुंबईत बातमी पसरली की माहीमला समुद्राचे पाणी गोड झाले. लोक बाटल्या, डबे घेऊन धावले. कुणी प्याले, कुणी लेकरांना पाजले. चमत्कार म्हणून घरी नेले. दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा खारट! झाले काय होते? तिथे मिठी नदी समुद्राला मिळते. पावसाळ्यात तिला पूर येतो. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. म्हणून नदीचे पाणी काही वेळ वर तरंगते. पण त्याच मिठी नदीत शहराची गटारे सोडलेली! "पिऊ नका" म्हणून अधिकारी सांगत होते, पण ऐकतो कोण?

दुसरी बातमी मला फार आवडली. समुद्रात ऑलिव्ह रिडले नावाचे कासव असते. मादी रात्री वाळूत खड्डा करते, शंभरावर अंडी घालते आणि निघून जाते. सुमारे ५० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. पूर्वी कोकणातले लोक ही अंडी खात, विकत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने वेळास गावात अंडी राखायला सुरुवात केली. आता गावकरीच कोल्ह्या-कुत्र्यांपासून अंडी जपतात आणि पिल्ले समुद्रात सोडतात.

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अशी एक मादी आली. तिच्या पायाला धातूची पट्टी होती, तीवर नंबर होता. बैलाच्या कानाला बिल्ला असतो ना, तसा. नंबर तपासला तर ती पट्टी २०२१ मध्ये ओडिशात लावलेली! ओडिशा पूर्वेच्या समुद्रावर, गुहागर पश्चिमेच्या. म्हणजे ही बाई हिंदुस्थानला खालून वळसा घालून आली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटर.

आजीबाईंना मी हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंग आपल्या अडाणचं पानी कोन्त्या समुद्रात?"

अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला. वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीत जाते, आणि गोदावरी पूर्वेच्या समुद्रात. मी चप्पल हरवली तो समुद्र आपला नव्हे. कासवी निघाली तो आपला.

आजीबाई म्हणाल्या, "म्हंजे थे माहेरचीच की!"