एकदा मोजलं, म्हणजे मोजलं का?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एकदाच घेतलेल्या मोजमापाचा आलेख गाईडसमोर ठेवला. “परत येईल का हे?” एवढाच प्रश्न आला, आणि मी गप्प.

एक उदाहरण बघा. जुलै २०२३ मध्ये सिएटलला टेलर स्विफ्टच्या ‘इराज टूर’चे सलग दोन रात्री कार्यक्रम झाले. स्टेडियमजवळच्या भूकंपमापकावर कंपनं उमटली. एकाच रात्रीची नोंद असती, तर कारण वाहतूकही असू शकलं असतं. भूकंपशास्त्रज्ञ जॅकी कॅप्लन-ऑरबाक यांनी दोन्ही नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. दुसरा कार्यक्रम उशिरा सुरू झाला होता. तेवढी वेळ सरकवल्यावर नोंदी जवळपास जुळल्या. म्हणजे कारण कार्यक्रमातच!

आता आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात या. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांच्या फडासारखा तमाशा जत्रेच्या हंगामात गावोगाव फिरतो. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम साधारण तोच, गाव नवं. प्रेक्षकांचा प्रतिसाद अभ्यासायला छान रचना वाटते ना? पण गावाबरोबर गर्दी, मैदान, हवामान असं सगळंच बदलतं. फरक नेमका कशामुळे पडला, ते कसं ठरवणार? म्हणून एकाच गावात दोन रात्री मिळाल्या, तर आधी त्या मोजा.

प्रयोगाआधी वहीत दोन रकाने करा: काय तेच राहणार, काय बदलणार. दुसरा रकाना जितका छोटा, तितकं गाईडला उत्तर देणं सोपं.