आठ आठवड्यांची नोकरी

१८ जानेवारी १९८२ला मुंबईत कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. लालबाग-परळच्या चाळींत तोवर मुलगा मोठा झाला की बापाच्या, काकाच्या ओळखीने गिरणीत ‘बदली’वर, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी, लागायचा. ती वाट बंद झाली आणि काही पोरं टोळ्यांच्या हाती लागली. जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकात अशाच एका घराची घुसमट आहे.

पगार थांबला म्हणून हे झालं, असं आपण धरून चालतो. मला हे उत्तर अपुरं वाटतं.

शिकागोतला एक प्रयोग पाहा. तिथे २०१२च्या उन्हाळ्यात हिंसाग्रस्त वस्त्यांतल्या १,६३४ मुलांच्या अर्जांतून सोडत काढली गेली. नाव आलेल्यांना आठ आठवडे काम, किमान वेतन आणि पाठीशी एक मोठं माणूस. संशोधक सारा हेलर यांनी १६ महिन्यांच्या नोंदी तपासल्या. नाव न आलेल्यांच्या तुलनेत या मुलांमध्ये हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका ४३ टक्क्यांनी कमी निघाल्या. चोऱ्या मात्र घटल्या नव्हत्या. म्हणजे खिशातल्या पैशाने सगळं उलगडत नाही. शिवाय ही घट मुख्यतः काम संपल्यानंतरची. तेव्हा ‘पोरं कामात अडकली’ एवढंही कारण पुरत नाही. राग आवरणं, बोलणी खाऊनही दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होणं, हे ती तिथे शिकली असावीत. गिरणीत नवख्याला हे शेजारच्या साच्यावरचा जुना कामगार शिकवायचा.

म्हणून दादर-गिरगावात ज्यांचं दुकान, छापखाना किंवा कार्यालय आहे, त्यांनी कायद्याची वयोमर्यादा पाळून वस्तीतला एक शिकाऊ उमेदवार जरूर घ्यावा. त्याच्या सोबतीला एक जाणता माणूसही द्यावा.