सातभाईंची पिल्ले आणि डार्विनची अडचण

गेल्या पावसाळ्यात एका अभ्यासवर्गात उत्क्रांतीवर बोलून झाले तेव्हा अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने प्रश्न विचारला. "सर, डार्विन म्हणतो की प्रत्येक जीवाची जगण्यासाठी धडपड चालू असते. मग आमच्या पडवीतली चिमणी स्वतः उपाशी राहून पिल्लांना का भरवते? तिला त्यातून काय मिळते?" मागच्या रांगेतले एक गृहस्थ लगेच म्हणाले, "म्हणून तर म्हणतात, हे सारे वरच्याने घडवले आहे." वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. वेळ संपत आली होती, म्हणून तिला धड उत्तर देता आले नाही. ते इथे देतो.

कोणी म्हणेल, चळवळीच्या दैनिकात चिमण्या-कावळ्यांचे काय काम? काम आहे. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे (आजचे छत्रपती संभाजीनगर) तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, तो शाळा-महाविद्यालयांच्या अभ्यासक्रमात बदलला पाहिजे, असे जाहीरपणे सांगितले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींना संयुक्त निवेदन काढून त्याचा प्रतिवाद करावा लागला. पुढे २०२३ साली एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आणि अठराशेहून अधिक वैज्ञानिक व शिक्षकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. दहावीनंतर विज्ञान न घेणाऱ्या मुलांच्या, म्हणजे आपल्याच बहुसंख्य मुलांच्या, कानावर हा विषय आता पडणार कधी? म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणे हे आपले काम आहे.

डार्विनविरुद्ध दोन बाजूंनी बोलले जाते. एक बाजू म्हणते, निसर्गात एवढी माया दिसते, तर उत्क्रांती खोटी. दुसरी बाजू डार्विनचेच नाव घेऊन म्हणते, बळी तो कान पिळी हाच सृष्टीचा नियम आहे, तेव्हा दुबळ्यांनी तक्रार करू नये. दोघांचाही डार्विन ऐकीव आहे. 'सर्वाधिक लायक तो टिकतो' या अर्थाचा प्रसिद्ध शब्दप्रयोग मुळात डार्विनचा नव्हेच. तो हर्बर्ट स्पेन्सरने १८६४ साली वापरला, आणि डार्विनने आपल्या ग्रंथाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत तो उचलला. त्यातही 'लायक' याचा अर्थ दांडगा असा नाही. ज्याची संतती पुढच्या पिढीत उरते तो, एवढाच.

हा अर्थ पक्का धरला तर चिमणीचे कोडे निम्मे सुटते. एरवी दाणे टिपणारी चिमणी पिल्लांसाठी अळ्या आणि किडे धरून आणते, कारण वाढत्या अंगाला प्रथिने लागतात. उघडी, डोळे मिटलेली पिल्ले घरट्यात आणि ती दिवसभर खेपांवर खेपा घालते. आता कल्पना करा की दोन चिमण्या आहेत. एक आळशी, पोटभर खाऊन निवांत बसणारी. दुसरी राबणारी. आळशी चिमणी जास्त जगेलही, पण तिची पिल्ले मरतील आणि तिचा आळस तिच्याबरोबरच संपेल. राबणारीची पिल्ले जगतील आणि राबण्याचा तो स्वभाव जनुकांतून पुढे जाईल. हजारो पिढ्या हेच घडल्यावर ज्या चिमण्या उरतात त्या राबणाऱ्यांच्याच लेकी. चिमणीला यातले काही ठाऊक असण्याची गरज नाही. पिल्लाने चोच वासली की तिला घास घालावासा वाटतो, एवढे पुरे.

ही आईची मायाच असली पाहिजे असेही नाही. 'सुगरण' हा आपल्या भाषेतला घरकामात निपुण बाईचा शब्द आपण एका पक्ष्याला दिला. पण ते लोंबते घरटे विणतो नर! सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळच्या किहीमला या पक्ष्यांच्या वसाहतीवर पाळत ठेवली तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. नर घरटे अर्धे विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडले तर राहते, आणि घरटे पुरे होऊन संसार लागला की नर पठ्ठ्या दुसऱ्या घरट्याच्या कामाला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. अंडी उबवायला उरते ती एकटी मादी. याच्या उलट आपल्या तळ्यांवरचा कमळपक्षी. तिथे मादी एका नराजवळ अंडी घालून दुसऱ्याकडे जाते आणि अंडी उबवण्यापासून पिल्ले सांभाळण्यापर्यंत सगळे बापाकडे. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते, आणि कित्येक आठवडे नर त्या फटीतून तिला व पिल्लांना फळे भरवत राहतो. टिटवी भर उन्हाळ्यात पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि उघड्या जमिनीवरची अंडी गार ठेवते. निसर्गाने घराची जबाबदारी बाईवर सोपवली आहे असे व्याख्यान देणाऱ्यांनी यांपैकी कोणता पक्षी आदर्श मानायचा ते आधी ठरवावे.

आणि माया म्हणावी तर बगळ्याच्या घरट्यात डोकावून पाहावे. बगळ्याची मादी एकेक अंडे काही अंतराने घालते आणि उबवायला लवकर बसते, त्यामुळे पिल्ले पुढेमागे जन्मतात. अन्न कमी पडले की मोठे पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारते किंवा घरट्याबाहेर ढकलते. आईबाप तिथेच बसलेले असतात आणि बहुधा मध्ये पडत नाहीत. ज्यांना सृष्टीत दयाळू हाताची योजना दिसते त्यांच्याकडे याचे उत्तर नसते. उत्क्रांतीकडे आहे, मग ते आपल्याला आवडो वा न आवडो. अन्न दोघांपुरते असेल तर तीन अर्धपोटी पिल्लांपेक्षा दोन धडधाकट पिल्ले पुढे जातात. सुकाळ असला तर तिसरेही जगते.

इथपर्यंत प्रश्न आपल्याच पिल्लांचा होता. खरी अडचण पुढे आहे, आणि ती खुद्द डार्विनला जाणवली होती. दुसऱ्याची पिल्ले कोण आणि का वाढवील?

सातभाई सर्वांनी पाहिले असतील. मातकट रंगाचे, सहा-सात-दहांच्या टोळक्याने कलकलाट करत पालापाचोळा उचकटणारे पक्षी. या टोळक्यात सहसा एकच जोडी अंडी घालते. पण पिल्ले बाहेर आली की टोळक्यातले इतरही त्यांना भरवतात. १९७० च्या दशकात ए. जे. गॅस्टन यांनी दिल्लीच्या परिसरात या पक्ष्यांचा बारकाईने अभ्यास केला होता. स्वतःचे अंडे नाही, पिल्लू नाही, आणि तरीही हे पक्षी चोचीत किडा घेऊन दुसऱ्याच्या घरट्याकडे जातात. त्यांचा हा स्वभाव पुढच्या पिढीत जातो कसा? १८५९ च्या ग्रंथात डार्विनने कामकरी मुंग्यांबाबत हीच अडचण मांडली. त्यांना संतती होतच नाही, तर त्यांचे गुण वारशाने उतरतात कसे? हे कोडे आपला सारा सिद्धांत मोडून काढील अशी भीती प्रथम वाटली, हे त्याने लपवले नाही. स्वतःच्या मताविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा स्वतःच वाचकापुढे ठेवणारा माणूस पोथीवाल्यांत शोधून सापडायचा नाही. निवड एकट्या जीवाची नव्हे तर कुटुंबाचीही होऊ शकते, हे उत्तरही त्यानेच सुचवले. पण वारसा चालतो कसा याचे ज्ञान तेव्हा नव्हते, म्हणून ते तिथेच थांबले.

मधल्या काळात एक सोपे उत्तर प्रचलित झाले. जातीच्या (इथे प्राण्यांची जात!) कल्याणासाठी प्राणी त्याग करतात, असे ते उत्तर. विन-एडवर्ड्स यांनी १९६२ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. ऐकायला छान, पण पाया कच्चा. सगळे त्यागी असलेल्या थव्यात एक लबाड जन्मला, की इतरांच्या त्यागावर त्याचीच पिल्ले वाढणार आणि काही पिढ्यांत थवा लबाडांचा होणार. डेव्हिड लॅक आणि जॉर्ज विल्यम्स यांनी हे हिशेबाने दाखवून दिले.

खरा धागा सापडला तो नात्यात. जे. बी. एस. हॉल्डेन हे नाव आपल्याला परके नसावे. हा ब्रिटिश शास्त्रज्ञ १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. त्याच्याबद्दल सांगतात की भावासाठी जीव द्याल का, या प्रश्नावर तो म्हणाला, एका भावासाठी नाही, पण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलत भावांसाठी देईन. विनोदात गणित आहे. सख्ख्या भावंडांत सरासरी निम्मी जनुके समान असतात, चुलत भावंडांत एक अष्टमांश. हॉल्डेन गेला त्याच वर्षी विल्यम हॅमिल्टन या तरुण संशोधकाने हे गणित नीट मांडले. मदतीने दुसऱ्याचा होणारा फायदा नात्याच्या प्रमाणाने गुणावा. तो आकडा मदत करणाऱ्याच्या तोट्यापेक्षा जास्त भरला, तर मदतीचा स्वभाव पिढ्यांतून पसरू शकतो. सातभाईंच्या टोळक्यात बरेच सदस्य एकमेकांचे नातलग असतात. धाकट्या भावंडांना भरवून मोठा भाऊ स्वतःचीच निम्मी जनुके पुढे नेतो. कामकरी मुंगी राणीची, म्हणजे बहुधा आपल्या आईची, संतती वाढवते.

केनियातल्या एका जातीच्या राघूंवर (आपल्याकडच्या वेड्या राघूचे हे नातलग) एम्लेन आणि रेगी यांनी अनेक वर्षे काम केले. हे पक्षी मदतीसाठी जवळच्या नातलगाचेच घरटे निवडतात. पण १९९२ साली त्यांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. कधीकधी बापच मुलाच्या नव्या संसारात व्यत्यय आणतो, त्याला बिळात शिरू देत नाही, आणि तो कंटाळून परत आला की त्याच्याकडून आपली पिल्ले भरवून घेतो! एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना हा बाप ओळखीचा वाटेल.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो सेशेल्स बेटांवरचा प्रयोग. तिथे कझिन नावाच्या चिमुकल्या बेटावर एक छोटा वटवट्या राहतो. बेट भरून गेले होते, घरट्याला जागा उरली नव्हती, आणि तरुण पक्षी आईबापांजवळ राहून धाकट्यांना भरवत होते. कोणालाही वाटावे, सेवा हाच यांचा उपजत धर्म. १९८८ साली यान कोमदर आणि सहकाऱ्यांनी २९ पक्षी उचलून आरीद नावाच्या मोकळ्या बेटावर सोडले. तिथे जागा भरपूर होती. मग काय झाले? तरुण पक्षी सेवेकरी राहिलेच नाहीत. प्रत्येकाने स्वतःचा प्रदेश धरला आणि स्वतःचे घरटे बांधले. चांगल्या जागा भरत गेल्या तेव्हाच पुन्हा मदतनीस दिसू लागले. नातलगांना मदत करण्याची कुवत त्यांच्या अंगात होती, पण ते सेवेत अडकले होते ते जमीन नव्हती म्हणून.

हे वाचताना आपल्याला काय आठवते ते लिहायची गरज नाही. सेवा हे शूद्राचे स्वभावजन्य कर्म आहे असे सांगणारा ग्रंथ या देशात पूज्य आहे. तरीही पक्ष्यांवरून माणसांचा कायदा काढू नये, हे मी आपल्या बाजूच्या लोकांनाही सांगेन. एखादी गोष्ट निसर्गात आहे म्हणून योग्य ठरत असेल, तर बगळ्याचे भ्रातृहत्येचे उदाहरणही स्वीकारावे लागेल. जातीला वंशसुधारणेचा 'शास्त्रीय' आधार देणारे लोक १९३६ सालीही होते. बाबासाहेबांनी 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये त्यांचा समाचार घेतला तो विज्ञान नाकारून नव्हे, तर त्यांचे विज्ञानच कच्चे आहे हे दाखवून.

नात्याचे गणित सगळीकडे पुरते असेही नाही. इस्रायलच्या वाळवंटात सातभाईंच्याच एका भाऊबंदाचा अभ्यास करणारे अमोट्झ झहावी म्हणत, हे पक्षी मदत करतात ते मान मिळवण्यासाठी, पहारा देण्यासाठीही त्यांच्यात चढाओढ असते. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ साली दाखवले की परतफेडीची शक्यता असेल तर नाते नसतानाही मदत टिकते. २०१० साली ई. ओ. विल्सन आणि दोन सहकाऱ्यांनी हॅमिल्टनच्या गणितावरच हल्ला चढवला, आणि पुढच्या वर्षी १३७ शास्त्रज्ञांनी सह्या करून त्यांना उत्तर दिले. वाद चालू आहे तो मदतीचा स्वभाव कसा उत्क्रांत झाला यावर. उत्क्रांत झाला का, यावर नाही.

चातकाचे सांगायचे राहिले. पावसाचा थेंब चोचीत पडेपर्यंत तहानलेला राहणारा व्रतस्थ पक्षी म्हणून कवींनी त्याला डोक्यावर घेतले. हा चातक आपली अंडी घालतो सातभाईंच्या घरट्यात. पावशाही तेच करतो. वासलेली चोच दिसली की घास घालायचा हा सातभाईंचा स्वभाव लाखो वर्षांत घडला, तो त्यांच्याच पिल्लांसाठी. चातकाच्या पिल्लाने त्या स्वभावाची किल्ली मिळवली. कष्ट सातभाईंचे आणि कीर्ती चातकाची. पण सर्वज्ञ हाताने घडवलेल्या सृष्टीत अशी फसगत का असावी? आंधळ्या निवडीने घडलेल्या स्वभावात ती असणारच.

त्या मुलीला मी सांगितले आहे की पावसाळ्यात वही घेऊन घरामागच्या कडुलिंबाखाली बस आणि कोणता सातभाई किती वेळा घास आणतो ते लिहून ठेव. तिचा निरोप आला, "सर, सातही सारखेच दिसतात, ओळखायचे कसे?" संशोधक परवानगी घेऊन पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालतात, तशी सोय तिच्याकडे नाही. एकाची शेपटी तुटकी आहे, असे तिनेच पुढे कळवले. तूर्त त्याच्यापासून सुरुवात झाली आहे.