नॅसवरच्या फाइल्स गायब? आधी हे करा

घरच्या नॅसवरून (नेटवर्कला जोडलेल्या स्टोरेजवरून) फोटोंचं फोल्डर दिसेनासं झालं, तर आधी त्यावर नवीन काहीही कॉपी करणं थांबवा. डिलीट झालेल्या फाइलच्या जागी नवा डेटा बसला, की जुना परत मिळत नाही.

मग या क्रमाने शोधा:

१) फोल्डर चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढलं गेलंय का? अ‍ॅडमिन म्हणून लॉगिन करून नावाने सर्च करा. परवानगी बदलली असेल, तरी फाइल दिसत नाही.

२) नेटवर्कवरून डिलीट केलेली फाइल कॉम्प्युटरच्या रिसायकल बिनमध्ये सहसा जात नाही. नॅसचं वेगळं बिन असतं: सिनॉलॉजीवर '#रिसायकल', क्यूनॅपवर '@रिसायकल'. अर्थात, ती सोय आधीपासून चालू हवी.

३) नॅसने स्नॅपशॉट (फोल्डरच्या त्या-त्या वेळच्या स्थितीची नोंद) घेतलेले असतील, तर जुन्या तारखेचं फोल्डर तसंच्या तसं परत आणता येतं.

४) डिस्क काढून विंडोजला जोडलीत, तर 'इनिशिअलाइझ' किंवा 'फॉरमॅट'ला होकार देऊ नका. ईएक्सटी४, बीटीआरएफएस या लिनक्सच्या फाइल सिस्टिम विंडोज स्वतःहून वाचत नाही.

आणि रेड (अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा ठेवण्याची पद्धत) म्हणजे बॅकअप नव्हे! डिस्क बिघडली तर रेड सहसा वाचवतं. तुम्ही डिलीट केलेली फाइल मात्र सगळ्याच डिस्कवरून जाते. म्हणून खरा बॅकअप असा ठेवा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. आजच रिसायकल बिन आणि स्नॅपशॉट चालू आहेत का ते तपासा.