ओल्या ऋतूत कोंबड्यांची गादी

कोरडे अंथरूण ही माणसाप्रमाणेच कोंबडीचीही गरज आहे. माणूस ओले अंथरूण उन्हात टाकू शकतो. कोंबडीला मात्र जे पायाखाली असेल त्यावरच दिवस-रात्र काढावी लागते. खुराड्याच्या जमिनीवर तूस, भुसा वगैरेंचा जो थर पसरतात त्याला गादी अथवा लिटर असे म्हणतात. ही गादी कशाची असावी, हे त्या त्या ठिकाणच्या हवामानावरून ठरवावे लागते.

उदकमंडलम किंवा महाबळेश्वर यांसारख्या थंड व पावसाळी ठिकाणी गादीने जमिनीचा गारवा अडवावा, ही पहिली अपेक्षा असते. चेन्नईची अडचण निराळी आहे. तेथे नोव्हेंबरातही कडाक्याची थंडी नसते. असते ती ओल. महाराष्ट्राचा पावसाळा संपू लागतो तेव्हा तेथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. वर्षाच्या सुमारे १,४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. या काळात हवाच बाष्पाने भरलेली असल्यामुळे गादीतील पाणी उडून जात नाही.

हे पाणी केवळ पावसाचे नसते. कोंबडीच्या ताज्या विष्ठेत सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाण्याचा असतो. एक कोंबडी दिवसाला शंभर ग्रॅम विष्ठा टाकते असे धरले, तर शंभर कोंबड्यांमागे रोज साडेसात लिटर पाणी गादीत मुरते. छप्पर मुळीच गळत नसले तरी हे चालूच राहते.

गादी ओली झाली की तिच्यातील सूक्ष्मजंतू विष्ठेतील यूरिक आम्लाचे विघटन करतात व त्यातून अमोनिया वायू सुटतो. त्याने कोंबड्यांचे डोळे चुरचुरतात आणि श्वासनलिकेला इजा होते. तळपायांना व्रण पडतात. रक्ती हगवणीच्या परजीवींना तर ऊब आणि ओल ही दोन्ही अनुकूलच असतात. पिलांमध्ये हा रोग झपाट्याने पसरतो. थोड्या पक्ष्यांवर घरखर्चाचा काही भार टाकणाऱ्या कुटुंबाला हे नुकसान सोसणारे नसते.

आता पदार्थांचा विचार करू. भाताचे तूस तमिळनाडूत आणि कोकणात विपुल मिळते. ते फारसे पाणी शोषत नाही. पण दबून घट्ट होत नाही, त्यातून हवा खेळते आणि ते लवकर वाळते. काथ्याचा भुसा आपल्या वजनाच्या अनेकपट पाणी धरून ठेवतो. मात्र तो पूर्ण वाळवूनच वापरावा, नाहीतर तो ओलीचाच साठा होतो. भुईमुगाची टरफले व लाकडाचा कीस ही दोन्ही चांगली. अगदी बारीक भुशाची धूळ उडते आणि पिले तो खातात. भाताचा पेंढा तुकडे करून घातला तर ऊब देतो. परंतु ओल्या हवेत त्याला बुरशी फार लवकर लागते, आणि ही बुरशी फुप्फुसांत शिरून रोग निर्माण करते. म्हणून ओल्या प्रदेशात पदार्थ किती पाणी पितो एवढेच न पाहता, प्यालेले पाणी तो किती सहज सोडतो हेही पाहावे.

पाऊस सुरू होण्यापूर्वीच कोरड्या पदार्थाचा दहा ते पंधरा सेंटिमीटर जाडीचा थर तयार असावा. तो वरचेवर खालीवर करावा आणि पाण्याच्या भांड्याभोवतीचे भिजलेले ढेकूळ रोज काढून टाकावे. झड अडवण्यासाठी नारळाच्या झावळ्यांचे झाप लावावेत. पण वरच्या बाजूस वारा खेळता ठेवावा. खुराड्याची जमीन भोवतालच्या जमिनीहून उंच असावी. २०१५ सालच्या डिसेंबरच्या आरंभी चेन्नईजवळील तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस झाला. असे पाणी आत शिरले तर कोणतीही गादी उपयोगी पडत नाही.

गादीची परीक्षा शाळेतील मुलालाही करता येईल. शेतकरी मातीचा वापसा पाहतो त्याप्रमाणे मूठभर गादी हातात दाबून पाहावी. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला तर ती ओली. दाबूनही मुळीच न चिकटता धुळीसारखी उडाली तर अतिकोरडी. आणि किंचित चिकटून मग हळूहळू विस्कटली तर योग्य समजावी. अशी सांभाळलेली गादी पुढे कुजवून शेताला घातली म्हणजे तिचे उत्तम खत होते.